दोन सीटांची गाडी आणि तीन मागण्या

तोक्तारचा धंदा थडग्यांच्या दगडांचा. तराजच्या जुन्या बाजारामागे, घराला लागूनच, त्याचं आवार आहे. तिथे काळ्या ग्रॅनाइटवर माणसाचा चेहरा इतका झकास कोरून मिळतो की घरचे म्हणतात, जिवंतपणी हा एवढा बरा कधी दिसला नव्हता. धंद्याला मंदी ठाऊक नाही. पण त्यात एक खोट आहे: चेहऱ्याखाली जन्माची आणि मरणाची सालं कोरावी लागतात. तिशीत असताना तोक्तारने वीस आणि तीस साली जन्मलेली माणसं बिनदिक्कत कोरली. चाळिशीत पन्नास-साठची येऊ लागली, तीही त्याने कोरली. मागच्या वसंतात मात्र पाठोपाठ दोघे आले ते एकोणीसशे त्र्याहत्तरचे, आणि त्यातला एक शाळेत त्याच्या बाकावर बसणारा. तोक्तार स्वतः त्र्याहत्तरचाच. त्याने आकडे कोरले, धूळ फुंकली, हात धुतले आणि अल्माटीला जाऊन ट्रकवर चढवून गाडी घेऊन आला.

या वयात माणसं दुसरंही काही काही करतात. कोणी नमाज सुरू करतो, कोणी दारू सोडतो, कोणी दुकानात हिशेब लिहिणाऱ्या बाईच्या प्रेमात पडतो. तोक्तारचे गुडघे नमाजाला तयार नव्हते, दारू तो आधीच पीत नव्हता आणि त्याच्या दुकानात हिशेब त्याची बायको लिहायची. राहता राहिली गाडी.

गाडी जर्मन बनावटीची, डोळ्यांत खुपेल अशी पिवळी, दोन दारांची आणि जमिनीपासून वीतभर उंच. ती चालू केली की गल्लीतल्या उभ्या गाड्यांचे चोरभोंगे आपोआप वाजायला लागत. पहिल्या दिवशी सगळी गल्ली जमली. शेजारची म्हातारी काचेला नाक लावून आत बघत होती.

"सीटा किती रे?"

"दोन, आजी."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

म्हातारीने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू तो घर बांधून दार ठेवायला विसरला होता. आमच्याकडे गाडी घेताना इंजिन नंतर बघतात. आधी बघतात, मागच्या सीटवर सासरची माणसं किती मावतील. दोन सीटांची गाडी घेणं म्हणजे सगळ्या गणगोताला एकदम, लेखी, घराबाहेर काढणं.

त्याची बायको काराशाश पायरीवर उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "माझी बस दारात थांबते. अहो, तुम्ही बसा एका सीटवर आणि दुसरीवर तुमचं पोट ठेवा. त्यालाही जरा हवा लागू दे."

तोक्तारला हवं होतं ते फार नव्हतं, आणि ते त्याने माझ्याशी कुंपणावरून एकदा बोलून दाखवलं होतं. तराजहून कुलानकडे जाणारा नवा रस्ता आहे. सरळसोट, दोन्हीकडे माळ, उजव्या हाताला डोंगर. तिथे रविवारी पहाटे एकट्याने जायचं, पाय खालपर्यंत दाबायचा आणि काटा दोनशे चाळीसवर गेलेला एकदा डोळ्यांनी बघायचा. एकदाच. मग गाडी घोड्यांच्या तबेल्यात बांधली तरी चालेल. या माणसाचं नाव तोक्तार, आमच्या भाषेत थांबेल तो. थोरली बहीण आणि तो यांच्यामधली भावंडं जगली नाहीत म्हणून आईने ते ठेवलं होतं. आईच्या मनात वेगळं थांबणं होतं, पण नाव ते नाव.

चूक त्याने इथेच केली. रविवारी पहाटे जायचं, तर गाडीच्या आशीर्वादाचं जेवण रविवारी दुपारी ठेवावं ना? त्याने ते शनिवारी ठेवलं. आशीर्वादाशिवाय नवी गाडी रस्त्यावर काढायची नाही, हे कारण होतंच. पण खरं सांगायचं तर एवढी पिवळी वस्तू घेऊन आणखी एक दिवस गणगोताला न दाखवता राहणं त्याच्या छातीला झेपत नव्हतं.

मेंढा कापला. रक्ताचं बोट पुढच्या चाकाला लागलं. रंगाला लागू नये म्हणून तोक्तार स्वतः फडकं घेऊन उभा होता. वडीलधाऱ्यांनी तळवे उघडून आशीर्वाद दिले, तोंडावरून हात फिरवले, लहानथोरांनी गाडीवर उधळलेली चॉकलेटं वेचली. मग सगळे मांसाच्या परातीभोवती बसले. चहाचा तिसरा वाडगा फिरत होता तेव्हा कोनिसबेक उठून उभा राहिला.

कोनिसबेक म्हणजे थोरल्या बहिणीचा मुलगा. बहीण वीस वर्षांनी मोठी, त्यामुळे भाचा मामापेक्षा वर्षानेच लहान. दोघे एका घरात वाढले, एका गाढवावरून पडले. आता त्याचं चष्म्यांचं दुकान आहे आणि त्याच्या स्वतःच्या डोळ्यांवर जाड भिंगं आहेत. ती त्याने पुसली.

"मामा," तो म्हणाला, "मी आजवर तुझ्याकडे कधी काही मागितलं?"

माणसांनी वाडगे खाली ठेवले. मामाच्या घरची वस्तू भाच्याने आयुष्यात तीनदा मागावी आणि मामाने तीनदा द्यावी, हा आमचा कायदा, आणि त्यावर अपील नाही. भाच्याला दुखावलं तर मामाचा हात थरथरायला लागतो. इतर मामांना थरथरता हात परवडतो. वाडग्यातला चहा सांडेल, एवढंच. कोरीव काम करणाऱ्याला परवडत नाही.

पन्नास वर्षांत कोनिसबेकने काही मागितलं नव्हतं हे खरं. पण तो काही त्याचा मोठेपणा नव्हता. थडग्याचा दगड कोण मागून नेणार?

"घोडा माग," तोक्तार हळूच म्हणाला.

"तुझ्याकडे घोडा कुठाय?"

"घेतो की. उद्याच घेतो."

"किल्ली, मामा."

तोक्तारने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग त्याच हाताने खिशातून किल्ली काढली. सगळ्यांनी मान डोलावली, म्हातारी माणसं 'शाबास' म्हणाली, आणि पिवळी गाडी, एक मैलही धड न धावता, फाटकाबाहेर गेली. गल्लीतले भोंगे बराच वेळ वाजत राहिले.

तोक्तार रविवारी पहाटे उठला, ते सवयीने. आवारात जाऊन बसला. काराशाश त्याच्यासाठी चहा घेऊन गेली आणि, तिच्या मानाने फारच मऊपणे, म्हणाली, "जाऊ दे. बसमध्ये शेजारी जागा असते."

पुढे महिनाभर कोनिसबेक गाडीसह दिसत राहिला. बहुतेक वेळा लग्नांच्या वरातीत, रिबिनी बांधलेल्या गाडीत, पायी चालणाऱ्या वाजंत्र्यांच्या मागे. एके दिवशी तो पायी आला. आला तो थेट आवारात, नव्या दगडावर बसला.

"मामा, हा काय अन्याय आहे?"

"काय झालं?"

"रिमबेक आला होता. माझ्या बहिणीचा मुलगा. शू गावचा, तो पैलवान."

"मग?"

"जेवला, ढेकर दिला आणि म्हणाला, मामा, मी आजवर तुझ्याकडे कधी काही मागितलं?"

तोक्तारने छिन्नी खाली ठेवली. बऱ्याच दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. "दे बघू हात तुझा. थरथरत नाही ना? मग चांगलं केलंस."

कुस्ती शिकवणारा रिमबेक त्या गाडीत मावत नव्हता. तो ती अंगात घालायचा. पेट्रोलचा खर्च बघून त्याने मागे गॅसची टाकी बसवून घेतली. पुढची बातमी उशिरा आली, आणि ती सांगताना कोनिसबेकला हसू आवरत नव्हतं. रिमबेककडूनही गाडी गेली होती. तिशीतल्या रिमबेकला सत्तरी ओलांडलेला एक भाचा निघाला होता: त्याच्या वडिलांच्या घराण्यातली मुलगी फार जुन्या काळी मेर्केला दिली होती, हा तिचा मुलगा. नात्यात वय बघत नाहीत. म्हाताऱ्याने काठी टेकत येऊन पैलवानाला 'मामा' अशी हाक मारली आणि किल्ली मागितली.

"म्हातारा कोण?" तोक्तारने विचारलं.

"अब्दिमोमिन."

काराशाशने हिशेबातून मान वर केली. "मेर्केचा अब्दिमोमिन? अहो, तो तुमच्या आईचा धाकटा भाऊ ना?"

तोक्तार त्याच दुपारच्या बसने मेर्केला गेला.

अब्दिमोमिन मामा अंगणात गाडीच्या टपावरून मेंढ्यांसाठी घास उतरवत होता. टपावर लोखंडी कॅरिअर होतं. कच्च्या रस्त्याला पोट घासतं म्हणून त्याने खाली जुन्या रशियन जीपच्या स्प्रिंगा घातल्या होत्या, आणि गाडी आता उंच टाचांच्या बुटांत उभ्या राहिलेल्या बदकासारखी दिसत होती. तोक्तारने चहा घेतला, तब्येत विचारली, मेंढ्यांची तब्येत विचारली, आणि मग घसा खाकरला.

"मामा, मी आजवर तुमच्याकडे कधी काही मागितलं?"

"मागितलंस की. लहानपणी माझा कुत्रा नेलास."

"तो मेला, मामा."

"मेला तरी मोजला जातो." म्हाताऱ्याने दाढी कुरवाळली. "हे दुसरं धरतो. ने. हिच्यात चढताना मी एकटा चढतो, पण उतरताना मला दोन माणसं लागतात. घास तेवढा उतरवून जा."

या वेळी तोक्तारने मेंढा कापला नाही, कोणाला बोलावलं नाही. अंधार पडताना गाडी आणून आवारात ग्रॅनाइटच्या उभ्या दगडांमागे ताडपत्रीखाली लपवली. जगाला दिसावी म्हणून घेतलेली गाडी जगाला न दिसली तरच आपली राहते, एवढं त्याला आता कळलं होतं. लोखंडी कॅरिअर सोडवायला गेला, तर म्हाताऱ्याने ते वेल्डिंग करून टाकलेलं. राहू दे, तोक्तार स्वतःशीच म्हणाला.

रविवारी उजाडता उजाडता त्याने आवाराचं फाटक उघडलं. बाहेर कोनिसबेक उभा होता. धुतलेला शर्ट, पुसलेली भिंगं.

"तुला कोणी सांगितलं?"

"मामीने."

तोक्तार घराकडे वळून बघायला गेला, पण बघून काय करणार.

"मामा, माझ्या दोन मागण्या शिल्लक आहेत," कोनिसबेक म्हणाला.

तोक्तारने डोळे मिटले आणि किल्ली पुढे केली. "घे बाबा. घे आणि जा."

"किल्ली नको. मला शेजारी बसव."

तोक्तारने डोळे उघडले. "महिनाभर होती ना तुझ्याकडे?"

"होती. एकदा नेली कुलानच्या रस्त्याला, एकटाच. दोनशेवर गेली, मामा, काटा मी बघितला. आणि बाजूला बघितलं तर सीट रिकामी. घरी येऊन बायकोला सांगितलं, दोनशेवर गेलो. ती म्हणाली, दूध आणलंत का?" त्याने चष्मा काढून पुन्हा पुसला. "गाढवावरून पडायचो तेव्हा निदान दोघं होतो."

"ही मागणी मोजणार मी."

"मोज. दुसरी."

गल्लीतले भोंगे वाजले, त्यावरून मला कळलं की ते निघाले. खिडकीतून बघितलं तर कोपऱ्यावर वळताना टपावर घासाच्या काड्या उडत होत्या आणि आत दोन पन्नाशीची डोकी पुढे वाकलेली होती.

दुपारी परत आले. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने पहाटे चाकांत हवा भरून देताना ती गाडी खालून बघितली होती. त्याच्या मते, त्या गॅसवर आणि त्या स्प्रिंगांवर ती शंभरच्या पुढे गेलीच तर चारही चाकं चार गावांना जातील. चाकं सगळी जागेवर होती. दोघांचे केस विस्कटलेले होते. पायरीवर बसून काराशाशच्या हातचा चहा पिताना ते शाळेतल्या पोरांसारखे एकमेकांना कोपरं मारत होते.

मी कुंपणापाशी गेलो. "कुठवर गेला काटा?"

"दोनशे चाळीस," तोक्तार म्हणाला, आणि त्याचा वाडगा धरलेला हात अगदी स्थिर होता.

"एक्केचाळीस होता, मामा," कोनिसबेक म्हणाला.