न दिसणारं कोटिंग

दगडावर पाण्याचा थेंब टिकू नये, असं पॉलिमर कोटिंग मारायचा आमचा धंदा. नाशकात इतकी वर्षं हे काम केलं, दगड कोरडे राहिले, किस्से मात्र आमच्या अंगात मुरले.

माझ्या जोडीला पोपटराव. सायखेड्याचे, पाथरवटाच्या घरातले. गावच्या देवळापुढची दीपमाळ त्यांच्या आजोबांनी घडवलेली. दर जत्रेला कमिटी तिला ऑइलपेंट फासणार, आत पाणी कोंडणार आणि दगडाचे पापुद्रे सुटणार! आजोबांनी कोरलेला मोर तेवढा शाबूत होता. तो वाचवायचा, एवढा एकच ध्यास पोपटरावांनी घेतला होता.

*

गंगापूर रोडला एका डॉक्टरांच्या बंगल्यात संगमरवरी फरशीला कोटिंग मारलं. बजावून सांगितलं, "चोवीस तास पाण्याचा थेंब नको." सकाळी जाऊन बघतो तर हॉलच्या मधोमध होमकुंड पेटलेलं. वास्तुशांत!

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुम्ही पाणी नको म्हणालात. अग्नीचं कुठे बोललात?"

एवढा शिकलेला माणूस! मी हात पुढे करून प्रसाद घेतला.

*

चांगलं कोटिंग डोळ्यांना दिसत नाही, हेच आमचं दुखणं. कॉलेज रोडच्या एका काकूंनी ओट्यावरून हात फिरवला. "दिसत नाही, मग मारलं कशावरून?"

मी हळदीचं पाणी ओतून, पुसून दाखवलं. डागाचं नाव नाही!

"आमची हळदच भेसळीची असेल," असं म्हणून काकूंनी शेजारणीकडून हळद मागवली.

*

अखेर सायखेड्याची कमिटी राजी झाली. पोपटरावांनी रंगाचे थर महिनाभर हातानं खरवडले, मोर तर दात घासायच्या ब्रशनं साफ केला. मग आम्ही कोटिंग मारलं. कमिटीचे अध्यक्ष आण्णा यांनी शब्द दिला, "इथून पुढं दीपमाळंला रंग नाय!"

आठवड्यात तक्रार आली. "तेल मुरत नाय हो. दीपमाळ कोपली!"

पोपटराव म्हणाले, "आण्णा, आजानं ती दिवे लावायला बांधली. तेल प्यायला नाय."

*

जत्रेच्या आदल्या दिवशी आण्णांचा फोन. "दोघं या. सत्कार हाय तुमचा. दीपमाळंची कायमची सोय केली."

गेलो. मोर होता तिथं लालभडक ऑइलपेंटमध्ये ठसठशीत अक्षरं होती: "या दगडास ऑइलपेंट लावू नये. हुकमावरून, देवस्थान कमिटी."

पोपटरावांचे डोळे भरून आले. मलाही राहवेना. "अहो आण्णा, नेमकं मोरावर?"

"समद्यांची नजर तिथंच जाती ना!"

पोपटरावांनी पिशवीतून खरवडायची पट्टी काढली. "रंग ताजा हाय तवर काढून घेतो."

आण्णांनी हसत त्यांचा हात धरला. "आता नाय निघायचा! तुमचा कोटिंगचा उरलेला डबा व्हता ना? तोच वरून मारलाय!"