आंब्याच्या पेटीत गेलेली कादंबरी

ते प्रकरण आजही जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे, आणि खरं सांगतो, आठवलं की छाती थोडी फुगतेच. नोकरीत खून उघडकीला आणले, घरफोडे पकडले, होडीत बसून पंचनामे केले. पण कुणी विचारलं, "साहेब, तुमची सगळ्यात मोठी केस कुठली?" तर मी हीच सांगतो. चोरीला गेलेला माल होता सात वह्या. नावं कुणाचीच घेणार नाही. त्यांची गरजही नाही.

मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा मागवला होता, तेवढ्यात साठीच्या एक बाई आत आल्या. निवृत्त आरोग्यसेविका. खाडीकाठच्या गावांत जन्मभर बाळंतपणं केलेल्या, त्यामुळे सगळा मुलूख त्यांना नर्सबाई म्हणायचा. मीही तेच म्हणतो. राहायला भाट्याला. खुर्चीत ताठ बसून त्या म्हणाल्या,

"साहेब, माझी कादंबरी नेलीन."

"कुणी?"

"प्रकाशकानं."

हसू आलं, ते मी मिशीत दाबलं. बाईंनी हकीकत सांगितली. पेपरात जाहिरात आली होती, 'नवोदित लेखकांना संधी, पुस्तक आम्ही काढतो.' मिरजोळ्याच्या बाजूला एका गाळ्यात ऑफिस. टेबल, पंखा, भिंतीवर कसलीशी प्रमाणपत्रं. त्या गृहस्थानं छपाईचा खर्च आगाऊ घेतला, सात वह्या ठेवून घेतल्या, "तीन महिन्यांत पुस्तक हातात" म्हणाला. आता गाळ्याला कुलूप आणि फोन बंद.

"झेरॉक्स असेल ना?" मी विचारलं.

बाईंची मान खाली गेली. "नाही काढली."

आता बघा, लसीकरणाच्या प्रत्येक अहवालाच्या तीन-तीन प्रती काढणारी ही बाई. एक आपल्याकडे, एक आरोग्य केंद्रात, एक तालुक्याला. कार्बन ठेवल्याशिवाय कधी पेन उचललं नाही. आणि स्वतः नऊ वर्षं बसून लिहिलेल्या कादंबरीची एकही प्रत नाही! मी चिडून विचारलं, "असं कसं केलंत?" तर म्हणाल्या, "ते सरकारी काम होतं, साहेब. हे काय, माझंच."

या एका वाक्यावर मी पुढे खूप विचार केला. त्या दिवशी मात्र केला नाही. शिमगा तोंडावर, पालख्यांचा बंदोबस्त लागलेला. मी तक्रार अर्ज म्हणून घेतली आणि चौकशीवर ठेवली. कागदच तर गेलेत, असं मनात आलं. चूक माझी होती, ती कबूल करतो. बाई दर सोमवारी यायच्या, बाकावर बसायच्या, विचारायच्या, "काही कळलं?" मी सांगायचो, "चौकशी चालू आहे." पोलीस ठाण्यात या वाक्याचा अर्थ काय, ते आम्हालाही माहीत असतं आणि लोकांनाही.

खबर आली ती एप्रिलमध्ये, आणि कुठून, तर एका आंबा बागायतदाराकडून. बिचारा घामाघूम होऊन आला. "साहेब, मी काही केलेलं नाही. पण कोणाचं तरी सरकारी दप्तर माझ्या पेटीत गेलंय." त्याच्या कऱ्हाडच्या गिऱ्हाइकाचा फोन आला होता. पेटीवर याचा नंबर छापलेला. गिऱ्हाइकाची तक्रार तरी काय असेल? आंबा आंबट निघाला? छे! तो म्हणाला, "आंबे ठीक आहेत हो, पण तळाला हातानं लिहिलेली पानं आहेत. भर खाडीत होडीत बाई अडलीय, नर्स एकटी आहे, आणि पान संपलं. पुढचं पान कुठल्या पेटीत आहे?"

बागायतदार म्हणाला, "दवाखान्याची कागदं असतील म्हणून घाबरलो, साहेब."

मी खुर्चीतून उठलोच. गिऱ्हाइकाकडून पानाचा फोटो मोबाइलवर मागवला. निळी शाई, सरकारी रजिस्टरात असतं तसं टपोरं, सरळ अक्षर. नर्सबाईंच्या अर्जाशेजारी धरून पाहिलं. हात एकच! त्याच दिवशी रीतसर फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला आणि तपास स्वतःकडे ठेवला.

आमच्याकडे पेटी भरताना खाली-वर पेंढा आणि रद्दी घालतात. हंगामात रद्दीला भाव येतो, जुनी वहीसुद्धा कोणी टाकत नाही. बागायतदाराचा रद्दीवाला सापडायला तासही लागला नाही. तो लगेच म्हणाला, "मिरजोळ्याच्या एका गाळ्यातून पोती उचलली, साहेब. चष्मेवाला माणूस होता. आता गुहागरला असतो म्हणत होता."

गुहागरला चौकशी केली तर कळलं, एक 'नवलेखक मार्गदर्शन शिबिर' भरतंय. हॉल भाड्यानं घेतलेला, नावनोंदणी जोरात. तिथे साध्या वेशात कुणाला पाठवायचं? आमचे रायटर हवालदार होते, ठाण्यातले सगळे जबाब तेच लिहीत. जाडजूड, शांत माणूस. त्यांच्या हातात एक वही दिली. तीत ठाण्याचा आठवडाभराचा ड्युटी तक्ता उतरवलेला. कोण गेटवर, कोण गस्तीला, कोणाची साप्ताहिक सुट्टी.

हवालदार शिबिरात बसले आणि वही पुढे केली. मी मागच्या रांगेत. त्या गृहस्थानं चार पानं चाळली, चष्मा काढला आणि डोळे मिटून म्हणाला, "वा! काय ताकद आहे लेखणीत! हे महाराष्ट्रानं वाचलं पाहिजे."

हवालदारांनी तोंडावरची रेषही हलू दिली नाही. "खर्च किती येईल?" त्यांनी विचारलं. गृहस्थानं आकडा सांगितला, आणि मी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

चौकशीला बसवला तर मोठा गोडबोल्या. "साहेब, मी साहित्याची सेवा करतो. सगळी हस्तलिखितं वाचून, नापसंत होती ती पोस्टानं परत केली." मी आरडाओरडा केला नाही. ओरडलं की असले लोक गप्प बसतात. बोलू दिलं की स्वतःच खड्ड्यात जातात. मी विचारलं, "भाट्याच्या बाईंची कादंबरी वाचलीत?"

"वाचली ना! अगदी मन लावून."

"कशावर आहे?"

"गावाकडची प्रेमकहाणी. शेवट जरा ढिला होता."

मी मोबाइलवरचं पान त्याच्यापुढे ठेवलं. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. "कुठे मिळालं?" म्हणाला. "पेटीत मिळालं. तुम्ही न वाचता विकलंत, आणि कऱ्हाडचा माणूस आंबा बाजूला ठेवून वाचत बसला." मग मात्र सगळं ओकला. कुणाचंच काही वाचलं नव्हतं. पैसे खिशात आणि कागद पोत्यात.

आम्ही तसेच निघालो. रद्दीवाल्यानं उरलेली पोती मिरजोळ्याच्या एका पॅकिंग शेडला विकली होती. बायका पेट्या भरत होत्या. मी दारातूनच ओरडलो, "हात थांबवा! एक कागद हलवू नका!" पंच बोलावले, पोती उलटी केली. चौदा जणांची हस्तलिखितं निघाली. कवितांच्या वह्या, कुणाचं आत्मचरित्र, एक नाटक. नर्सबाईंच्या सहा वह्या मिळाल्या. चौथी नव्हती. ती पान पान होऊन कुठल्या कुठे गेली होती. कऱ्हाडच्या माणसाकडे तिची जेमतेम सहा पानं.

हे बाईंना सांगायचं काम माझं. खुनाची बातमी घरी सांगताना जेवढा जीव जड होतो, तेवढाच त्या दिवशी झाला. बाई बाकावर बसून रडल्या, अगदी मोकळ्यानं. "तीच वही, साहेब. बाकी सगळं तिच्यासाठीच लिहिलं होतं."

आता कायद्यानं मुद्देमालाची ओळख पटवावी लागते. गेलेल्या वहीचं वर्णन हवं. मी बाईंना म्हटलं, "उद्या या. त्या वहीत काय होतं, आठवेल तेवढं सांगा. आपण पुरवणी जबाब घेऊ." खरं तर जबाबाला पाच ओळी पुरल्या असत्या. मी मुद्दाम तसं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला बाई हजर. डोळे सुजलेले, पण पाठ ताठ. खुर्ची ओढून म्हणाल्या, "वही घालवलीन ना? घालवू दे. मला कुठे घालवलीन?"

आणि सांगायला लागल्या. हवालदार लिहिताहेत, बाई सांगताहेत. ओहोटी लागलेली, होडी चिखलात रुतलेली, अडलेली पोर ओरडतेय, सासू नवस बोलतेय, आणि नर्सच्या हातात बॅटरीसुद्धा नाही. पासपोर्टच्या कामाला आलेले दोघे खलाशी काम विसरून दारात उभे राहिले. मध्येच हवालदारांनी पेन थांबवून विचारलं, "पोर वाचली का हो?" मी दरडावलं, "तुम्ही लिहा!" पण मलाही तेच विचारायचं होतं. तीन दिवस चाललं ते. एवढा लांब पुरवणी जबाब त्या ठाण्यानं त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नसेल.

मग कोर्टात अर्ज करून सहा वह्या सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, बाईंना मिळाल्या आणि जबाबाची नक्कलही. ज्या दिवशी नक्कल हातात आली, त्या दिवशी पहिलं काम काय केलं असेल, तर झेरॉक्सच्या दुकानात गेल्या.

उरलेल्या तेरा जणांना मी स्वतः फोन केले. निम्मे यायला तयार नव्हते. लाज वाटत होती. एक मास्तर म्हणाले, "जाळून टाका, साहेब. आमची अक्कल निघाली." मला सणक आली. म्हटलं, "मास्तर, सायकल चोरीला गेली तर चोर लाजतो की सायकलवाला? मुकाट्यानं या आणि आपली वही घेऊन जा." आले. घेऊन गेले.

त्या तपासाच्या निमित्तानं मी खऱ्या प्रकाशकांशी बोललो, त्यांची कामाची रीत समजून घेतली. म्हणून जे लिहितात आणि छापून यावं म्हणून धडपडतात, त्यांना चार शब्द हक्कानं सांगतो. मूळ प्रत कुणाच्या बापाला देऊ नका. टाइप करून घ्या, एक प्रत घरात, एक मेलवर. आधी दोन प्रकरणं आणि पानभर सारांश पाठवा. पाठवण्याआधी त्या प्रकाशकाची दोन पुस्तकं विकत घेऊन वाचा आणि जमलं तर त्यांच्या एखाद्या लेखकाला फोन करा. आम्ही भाडेकरूची माहिती काढतो तशी माहिती काढा. करार वाचल्याशिवाय सही नाही. स्वतःच्या पैशानं पुस्तक काढण्यात पाप नाही, पण मग किती प्रती, कधी, कुठे ठेवणार, हे कागदावर हवं. आणि न वाचता जो वा वा करतो, त्याच्या दारातून चपला घालून परत फिरा. चुका दाखवणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजा, कारण त्यानं वाचलेलं असतं.

नकार येतातच. नर्सबाईंचं बाड दोनदा परत आलं. दुसऱ्यांदा त्यांचा फोन आला, आवाज पडलेला. मी म्हटलं, "बाई, एका धाडीत माल मिळाला नाही म्हणून आम्ही तपास बंद करतो का? शेरा काय मारलाय ते वाचा, सुधारा आणि पुढचं दार ठोठावा." बाईंनी पहिली तीस पानं कापली, एक प्रकरण दिवाळी अंकात दिलं, ते छापून आलं, आणि मग बाड तिसऱ्या ठिकाणी पाठवलं.

या केसनं मला काय शिकवलं? गरिबाचं सोनं गेलं की आम्ही धावतो, पण माणसानं नऊ वर्षं बसून लिहिलेलं गेलं तर अर्ज दप्तरी टाकतो. आणि त्याहून वाईट म्हणजे लिहिणारा स्वतःच त्याला 'माझंच तर आहे' म्हणून कमी लेखतो. बाबांनो, आपल्या लिखाणाला आधी आपण मुद्देमाल समजा. तरच बाकीचे समजतील.

मी निवृत्त झाल्यावर काही महिन्यांनी एका सकाळी बाईंचा फोन आला. "साहेब, पत्र आलंय. वाचून दाखवते." संपादकांनी लिहिलं होतं, पुस्तक स्वीकारलं आहे. चौथं प्रकरण वाचलं आणि तिथेच निर्णय झाला. चौथं प्रकरण, म्हणजे त्या गेलेल्या चौथ्या वहीतलं, आमच्या ठाण्यात, हवालदारांच्या हातानं उतरलेलं! "हवालदारांना पण सांगा हां," बाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी खुर्चीतून उठलो, लुंगी-बनियनवरच सावधान उभा राहिलो आणि कडक सलाम ठोकला.

बायको स्वयंपाकघरातून बघत होती. म्हणाली, "कोण हो? एसपी साहेब होते?"

म्हटलं, "नाही गो. लेखिका होत्या."