गरम पाण्याच्या कपाटातली पुस्तकं

इथे परदेशात, जॉन्सनव्हिलला आम्ही पहिलं घर घेतलं, तेव्हा पुण्याहून आलेली माझ्या पुस्तकांची सात खोकी गॅरेजमध्ये ठेवली. 'नंतर बघू' म्हणता म्हणता दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात सासरे सहा महिन्यांसाठी राहायला आले. वाचायला काहीतरी दे म्हणाले, म्हणून पहिलं खोकं उघडलं, तर भपकन कुबट वास आला. पुस्तकांच्या कडांवर हिरवट बुरशी धरली होती. मी तिथेच गार जमिनीवर बसून रडायला लागले.

सासरे मागे उभे होते. सासूबाई गेल्यापासून ते बोलायचेच कमी, आणि माझ्याशी तर चहा-जेवणापुरतंच.

"रडून सुकणारेत का ती?" ते म्हणाले. "चल, वर नेऊ."

पुढचे पंधरा दिवस नाकाला रुमाल बांधून, ऊन असलं की घरामागच्या लाकडी डेकवर आणि नसलं की हीटरसमोर, ते दाढीच्या जुन्या ब्रशने एकेक पान झटकत बसले. मग एका सकाळी विचारलं, "या घरातली सगळ्यात कोरडी जागा कुठली?"

मी हॉट वॉटर कपबोर्ड दाखवला. गरम पाण्याच्या टाकीशेजारी तिथे आम्ही टॉवेल ठेवायचो.

"टॉवेल हलव," ते म्हणाले.

तिथे पुस्तकांसाठी फळ्या ठोकायचं त्यांनी ठरवलं. आयुष्य पोस्टातल्या नोकरीत गेलेलं, करवत कधी हातात धरलेली नाही. शेजारचे गोरे आजोबा आपली करवत घेऊन मदतीला आले. त्यांचे उच्चार सासऱ्यांना कळेनात, सासऱ्यांचे त्यांना. दोघं फळीवरच पेन्सिलीने चित्रं काढून बोलायचे. प्रत्येक फळीला पुढून एक आडवी पट्टी ठोकायची, असं शेजाऱ्यांचं म्हणणं होतं. का, ते सांगायला त्यांनी फळीवर एक पुस्तक ठेवून ती गदागदा हलवून दाखवली.

"भूकंप!" सासरे खूश होऊन म्हणाले. "पटलं."

फळ्या जराशा डावीकडे कलल्या. नवरा म्हणाला, "काढून नीट लावतो." मी त्याला हात लावू दिला नाही.

पुस्तकं लावताना सासऱ्यांनी एक बाजूला काढलं. "समासातलं हे अक्षर तुझं ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉलेजात असताना मी समासात लेखकांशी पेन्सिलीने वाद घालायचे.

"सगळं वाचलंय मी. ब्रश मारताना दुसरं काय करणार? चांगली भांडखोर आहेस की! घरात तर तोंडातून शब्द फुटत नाही."

"तुमच्यासमोर फुटत नाही, बाबा."

ते मोठ्याने हसले. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. "पण इथे, या पानावर तू साफ चुकलीयस. खाली लिहू का?"

मी पेन्सिल आणून दिली. त्यांनी लिहिलं, मी खोडून काढलं, आणि आम्ही तिथेच पॅसेजमध्ये बसून तावातावाने वाद घालायला लागलो. लेक शाळेतून आली आणि दप्तर न काढताच म्हणाली, "व्हाय आर यू गाइज फायटिंग?"

"भांडत नाही गं," आजोबा म्हणाले. "तुझ्या आईची ओळख करून घेतोय."

पुण्याला परतल्यावर ते दर रविवारी फोन करायचे. मुलाशी हवापाण्याचं दोन मिनिटं बोलून झालं की म्हणायचे, "तिला दे." आणि मी हॅलो म्हणायच्या आत, "हं, मग काय वाचलंस या आठवड्यात?"