डब्यावरची राणी

अल नहदाला परतणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी रोज एक रत्नागिरीच्या बाई बसायच्या. दुबईत कुणाकडे स्वयंपाकाला होत्या. मांडीवर जेवणाचा रिकामा डबा, मुळात बिस्किटांचा. झाकणावर इंग्लंडच्या राणीची दोन चित्रं: एक तरुणपणीचं, एक म्हातारपणीचं. मी नुसती बघायचे.

एकदा त्यांनीच तरुण राणीवर बोट ठेवलं. "ही ड्युटीला लागली तेव्हाची, बाय."

"आणि ही?"

"ही पण ड्युटीवरच. मरेपर्यंत सुटली नाय बिचारी. माझं मात्र या ईदला खलास. कायमची गावाला."

तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

"अजून एकच वर्ष? बरं बेटा, इन्शाल्ला."

फोन ठेवून त्यांनी डबा मांडीवर पालथा घातला.