आधी मालकाची उलटतपासणी

माणसांना अरे-तुरे आणि यंत्रांना अहो-जाहो करणारा गृहस्थ सबंध अमरावती जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नात्याने माझा साडभाऊ लागतो. माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान रिद्धपूरच्या अलीकडच्या एका गावात राहतात. व्यवसाय म्हणायला संत्र्याची शेती. पण ते शेतीची यंत्रे दुरुस्त करतात आणि उरलेल्या वेळात शेतीकडे पाहतात, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. एकदा तहसीलदार गावात आले असता त्यांनी ओट्यावरूनच "काय गा, कवा आला?" अशी विचारपूस केली, आणि पुढच्याच क्षणी मांडीवरच्या फवारणी पंपाकडे वळून अदबीने म्हणाले, "हं, तुमी बोला. काय होऊन राह्यलं तुमाले?" तहसीलदार उभेच होते. पंपाखाली मात्र पोत्याची घडी होती.

त्यांचे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर एका सत्काराच्या शालीत गुंडाळलेले असतात. सत्कार कोणाचा, हे कोणालाच ठाऊक नाही. कोणतेही यंत्र हाती आले की ती शाल ते लगेच सोडत नाहीत. आधी मालकाला समोर बसवतात. "मशीन खोटं बोलत नाई, मालक बोलते," हा त्यांचा सिद्धान्त. अकोल्याला एका नातलगांकडे मिक्सर बंद पडला होता. यांनी मिक्सरला हातही न लावता घरच्या वहिनींची पाऊण तास उलटतपासणी केली. काल काय वाटलं, किती वाटलं, पाणी घातलं की नाही, बंद पडायच्या आधी आवाज कसा आला. अखेर वहिनींनी डोळ्यांना पदर लावून अख्खी हळकुंडे टाकल्याचे कबूल केले. "झालं," हे म्हणाले, "आता ते सुधरतीन," आणि तेव्हा कुठे शालीची गाठ सुटली. प्लग काढला की ते डोळे मिटून त्याचा वास घेतात आणि त्या वेळी कोणी खोकलेलेही त्यांना चालत नाही. गावातल्या प्रत्येक फवारणी पंपवाल्याने त्यांचा एक उपदेश डझनावारी वेळा ऐकला आहे: हंगाम संपला की टाकीतले तेल मिसळलेले पेट्रोल काढून टाकायचे. "सहा महिने शिळी भाजी तू खाशील का बे? मंग त्याहिले कावून चारतं?"

मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडे रसाच्या पाहुणचाराला गेलो होतो. दुपारी पावणेतीनच्या सुमारास वादळ आले. दहा मिनिटे टिकले, पण तेवढ्यात चार घरे सोडून राहणाऱ्या जुलेखाबींच्या गोठ्यावर कडुनिंबाची अर्धी फांदी कोसळली. जुलेखाबी एकट्या राहतात. एका म्हशीच्या दुधावर त्यांचे घर चालते. ती म्हैस गाभण होती, दिवस भरत आले होते. आम्ही धावत पोचलो तेव्हा टिनपत्रे चेपून खाली आली होती, म्हैस बसल्या जागी अडकली होती आणि फांदीचा बेचका बरोबर तिच्या मानेवर होता. डोळे पांढरे झाले होते. श्वासाचा आवाज गल्लीपर्यंत येत होता.

एकाने कुऱ्हाड चालवली. दुसऱ्याच घावाला फांदी हादरून दोन बोटे खाली सरकली आणि म्हशीने असा हंबरडा फोडला की कुऱ्हाड त्याच्या हातातून गळाली. दोर लावून पाहिला, फांदी वर येईना, उलट फिरू लागली. दोघांनी बेचक्याखाली लाकडाची जाड बल्ली घातली आणि खांद्यावर पेलून धरली. जेसीबी त्या गल्लीत शिरलाच नसता. जुलेखाबी म्हशीच्या तोंडाशी बसल्या होत्या. "भाऊ," त्या माझ्या साडभाऊंना म्हणाल्या, "तुम्हारी वो झाड काटने की मशीन लाओ ना. देखो तो, कैसी सांस ले रही है."

ते पळत गेले. सत्तरीकडे झुकलेला माणूस इतक्या वेगाने पळालेला मी पाहिलेला नाही. परत आले ते चेनसॉ आणि शाल घेऊन. त्यांनी मशीन सुरू करायची दोरी ओढली. काही नाही. पाच वेळा ओढली, दहा वेळा ओढली. मशीन नुसती खोकली. गर्दीतून "दे मले", "सरक, मी पाह्यतो" सुरू झाले. वऱ्हाडात बंद पडलेल्या यंत्राची दोरी ओढणे हा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा हक्क आहे. तिघांनी तो बजावला. चौथ्याला साडभाऊंनी कोपराने ढकलले. "हट ना बे! त्याहिच्या नाकातोंडात पेट्रोल गेलं!"

बटण पाहिले, चालू होते. हवेची जाळी काढून झटकली. प्लग काढला. ओला होता. पुसला, घासला, वास घेतला. या वेळी डोळे मिटले नाहीत. माझ्या लक्षात आले की त्यांचा चेहरा उतरला आहे. त्यांनी प्लग परत लावला, दोरी ओढली. मशीन बंदच. बल्ली पेलणाऱ्यांपैकी एक ओरडला, "काका, खांदा चालला माह्या!" म्हशीचा श्वास आता घरघरत होता. हे पुन्हा जाळी काढू लागले. पुन्हा प्लग. जे एकदा तपासले तेच ते दुसऱ्यांदा तपासत होते, आणि असे त्यांनी आयुष्यात केले नव्हते.

तेव्हा ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, गर्दीतून पुढे आल्या. "अवं," त्या म्हणाल्या, आवाज न चढवता, "मालकाले विचारा ना आधी."

कोणी हसले नाही. साडभाऊंनी मशीन जमिनीवर ठेवली आणि सगळ्यांकडे पाहिले. ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षे समोर बसवून कबुल्या घेतल्या होत्या, ते सगळे तिथे होते.

"टाकीत पौषातलं पेट्रोल हाय," ते म्हणाले. "मी काढलं नाई."

"तुमी?" पंपवाल्यांपैकी एकजण चकित होऊन म्हणाला.

"मीच. संत्र्याचा बगीचा तोडला ना आमचा, वाळला म्हणून. बापानं लावलेली झाडं. शेवटचं झाड पडलं आन् मशीन खुंटीले टांगली. मंग त्याहिले हात लावाचं मन नाई झालं." मग ते एकदम ओरडले, "पाहून काय राह्यले? मोटरसायकलचं पेट्रोल काढा कोणी!"

यानंतरची पाच मिनिटे मला क्षणाक्षणाने आठवतात. जुने पेट्रोल मातीत ओतले गेले. त्याला वार्निशसारखा आंबूस वास होता. कोणीतरी मोटरसायकलची नळी काढून बाटली भरली, यांनी डोळ्यांच्या अंदाजाने त्यात तेल मिसळले, त्याच पेट्रोलने टाकी खळखळून घेतली. प्लग काढून ठेवला आणि दोरी सहा-सात वेळा नुसतीच ओढली. आत साचलेले शिळे पेट्रोल फवाऱ्यासारखे बाहेर उडाले. प्लग शालीच्या काठाने कोरडा केला. चोक ओढला. "चला," ते मशीनला म्हणाले, "चूक माही हाय. त्या जनावराची नाई." दोरी ओढली. एक. दोन. तिसऱ्या वेळी मशीन फुरफुरली. चोक आत. चौथ्या वेळी ती अशी कडाडली की सगळी गल्ली एका आवाजात "हो!" म्हणाली.

बेचक्याची एक बाजू, मग दुसरी. भुसा त्यांच्या पांढऱ्या मिशांवर बसत होता. बल्लीवाल्यांनी शेवटचा जोर केला, तुकडा बाजूला पडला, आणि म्हैस दोनदा गुडघ्यावर कोसळून तिसऱ्यांदा उभी राहिली. जुलेखाबींनी तिच्या पोटाला तळवा लावला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांनी तळवा थोडा खाली सरकवला. मग म्हणाल्या, "हिल रहा है."

लोक पत्रे उचलायला लागले. कोणी बादलीभर पाणी आणले, कोणी चहाचे म्हटले. साडभाऊ कापलेल्या फांदीवर बसले होते. मशीन मांडीवर होती आणि चालूच होती, हळू, एका लयीत. मी जवळ जाऊन म्हटले, "साडभाऊ, बंद करा आता. काम झालं."

"राहू द्या," ते म्हणाले. मला त्यांनी पहिल्यांदाच अहो-जाहो केले होते. "लई दिवसांनी बोलून राह्यल्या."

मी शेजारी बसलो. गल्लीच्या टोकापलीकडे त्यांच्या तोडलेल्या बगीच्याचा मोकळा काळा पट्टा दिसत होता. ते तिकडेच पाहत होते. बाटलीभर पेट्रोल संपायला जितका वेळ लागतो तितका वेळ आम्ही बसलो. मशीन आपणहून थांबली तेव्हा त्यांनी झाकण उघडले, टाकी उलटी केली आणि शेवटचा थेंब मातीत पडेपर्यंत तशीच धरून ठेवली.