अटलांटिकची लाट आणि आमचा तवा

सिरसाळ्यापासून समुद्र किती लांब आहे, हे मला अजूनही ठाऊक नाही. कधी गरजच पडली नव्हती. आमच्याकडे नळाला पाणी आलं तरी बाया एकमेकींना हाका मारून सांगतात. अशा गावात बसून माझ्या नवऱ्याने निवृत्तीनंतर समुद्र राखायचं काम पत्करलं. तोही आपला समुद्र नाही, अटलांटिक! जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा पोरांनी नकाशाकडे कधी धड बघितलं नाही. आता मास्तरच सगळ्यांच्या वाटचं बघत बसले.

कारण आमची लेक. ती फ्लोरिडात समुद्राच्या काठाला राहते, दिवस भरत आलेले, आणि तिकडच्या वादळांचा मोसमही नेमका तेव्हाच. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचे कागद अडकले होते. देशाबाहेर पडली तर परत आत घेतील की नाही, याची खात्री नव्हती. मी जावं म्हटलं तर मला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळेना. इकडे मी बाळंतिणीची बाज आवळून ठेवली होती, डिंक आणून ठेवला होता. लेक आली नाही, म्हणून त्या बाजेवर मास्तर बसले. मोबाइल नाकाला लावून.

"ऐकलं का, आफ्रिकेतून एक लाट निघालीय," असं सकाळी चहाबरोबर ऐकायला मिळायचं.

पहिल्यांदा मी म्हटलं, "लाट म्हणजे पाणी आलं का काय?"

"पाण्याची नव्हे गं. हवेतली लाट. ती पश्चिमेकडं सरकते. समुद्र तापलेला असला, तर तिचंच चक्रीवादळ होऊ शकतं."

"होऊ शकतं म्हणजे होणार का?"

"ते आताच सांगता येत नाही."

म्हणजे जे सांगता येत नाही, ते माणूस दिवसभर बघणार. सरकारी नोकरीची सवय, दुसरं काय! बहुतेक लाटा अर्ध्या वाटेतच विरून जायच्या. मग मास्तर असा चेहरा करून जेवायला बसायचे, जणू स्वतः जाऊन तिला बुडवून आलेत.

शेजारीण भिंतीवरून विचारायची, "मास्तर आज काहून गप हायेत?"

"आफ्रिकेची लाट अजून मेली न्हाई," मी सांगायची.

"अगं बया, मग आता?"

आता काय? आता मी भांडी घासणार.

इथे तव्याची गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे गारा पडायला लागल्या की चुलीवरचा तवा अंगणात पालथा टाकतात. त्याने गारा थांबतात म्हणे. एकदा ऐन गारपिटीत सासूबाईंनी तवा भिरकावला. मास्तरांच्या विज्ञानाला ते सहन झालं नाही. तशा गारांत बाहेर गेले, तवा उचलून आणला आणि कपाळावरचं टेंगूळ चोळत आम्हा दोघींना अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं. तेव्हापासून आमच्या घरात तवा फक्त भाकरीसाठी.

मग एक लाट निघाली, ती विरेना. तिचं वादळ झालं आणि ते लेकीच्या किनाऱ्याकडे वळलं. मास्तरांनी चहा सोडला. गेवराईहून माझ्या भावाचा फोन आला. त्याने गोदावरीचे पूर बघितलेले, त्यामुळे वादळांमधला तो मोठा जाणकार. "ताई, पोरीला म्हणावं, दाण्याची पोती माळवदावर चढव अन् जनावरं सोडून दे. बांधलेली ठिवू नको." पोरीकडे जनावर म्हणजे एक जावई. त्याला सोडून दिलं असतं, तर गाडी कुणी चालवली असती?

जावयाने तिला किनाऱ्यापासून लांब, मित्राच्या घरी नेलं. "पोचलो," एवढं ती म्हणाली आणि त्यानंतर फोन लागेनाच. तिकडे रात्र होती, इकडे आमचं लख्ख ऊन. मी पुन्हा पुन्हा फोन लावत होते. मला फार भीती वाटत होती. तिथे तिला कळा सुरू झाल्या तर तिच्या कमरेला कोण हात लावणार, दुसरं काही सुचतच नव्हतं. मास्तरांवर संताप येत होता. इतक्या लाटा राखल्या, आणि हीच तेवढी सुटली?

हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी पीठ मळायला घेतलं. तवा जागेवर नव्हता. फडताळात बघितलं, मोरीत बघितलं. मग दारात आले. अंगणाच्या मधोमध, कडकडीत उन्हात, आमचा तवा पालथा पडलेला होता.

मास्तर बाजेवर बसून मोबाइलमध्ये डोळे घालून होते.

"तवा कुठाय हो?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस? स्वयंपाकघर तुझं."

मी मळलेलं पीठ झाकून ठेवलं आणि खिचडी टाकली. दोघांनीही ती खाल्ली नाही.

उन्हं उतरल्यावर फोन वाजला. "आई, बरी हाय मी. वादळ वळलं, समुद्राकडंच गेलं. इथं नुसती लाइट गेलती." मी फोन मास्तरांकडे दिला. ते नुसतंच "हां, हां" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर उपरण्याने तोंड पुसलं, घसा खाकरला आणि त्यांचा तास सुरू झाला.

"त्याचं काय झालं, उच्च दाबाचा पट्टा आडवा आला. म्हणून वादळाला वळावं लागलं."

"बरं झालं," मी म्हटलं. "मग तो पट्टा आणा आता उचलून. अंगणात पडलाय. भाकरी टाकायच्यात मला."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाजेची सुतळी बोटाने चाचपत राहिले.

"राहू दे गं अजून," ते हळूच म्हणाले. "पोरगी मोकळी होऊ दे."

मी शेजारणीकडे गेले आणि तिचा तवा मागून आणला.