डिसोजा सरांचा व्हिडिओ

डिसोजा सर एका मेलची वाट बघत गेले.

मेल आला होता.

माझ्यामुळे डिलीट झाला.

आज चार वाजता सरांना सिमेटरीत ठेवून आलो. मला ओळखणारे म्हणतील, दिग्याची परत कायतरी मस्करी. आज नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सर आमच्या शाळेत पीटीला होते. रिटायर झाल्यावर चर्चच्या मागच्या ग्राउंडवर स्वतः पोल रोवून त्यांनी बास्केटबॉलची रिंग लावली. रिंगची जाळी दुकानातली नाही, रापणीच्या फाटक्या जाळ्याचा तुकडा. बास्केट पडली की मासळीचा वास यायचा.

अख्खं मालवण क्रिकेट खेळायचं. इथे आम्ही सहा जण. त्यात खरा प्लेअर एकच, रुझार. सहा फूट सहा इंच. एसटीत बसला की त्याचे गुडघे पुढच्याच्या पाठीत.

मी पाच फूट तीन. माझं फक्त तोंड चालायचं.

बारावी झाली त्या सुट्टीत मी खोटा मेल आयडी काढून अमेरिकेतला कोच झालो. रुझारला कळवलं, तुझी निवड झाली, आता फिटनेससाठी रोज सकाळी दोन्ही काखेत एकेक नारळ धरून बीचवर धाव.

गडी तीन दिवस धावला.

चौथ्या दिवशी मी समोर जाऊन बसलो आणि म्हणालो, कोचाक एक नारळ दी. त्याने मला उचलून पाण्यात टाकला. सगळे हसले. तोपण हसला.

सर हसले नाहीत. मला बाजूला घेतलं.

"दिग्या, त्येका खरोच कोच मिळतलो एक दिवस. तेवा तू मधी येव नको."

मी मान हलवली. त्या वयात मान कशालाही हलते.

सरांचा पुतण्या कॅनडात. त्याने सांगितलं, तिथली कॉलेजं बाहेरच्या पोरांना स्कॉलरशिप देतात, पण खेळाचा व्हिडिओ पाहिजे. सरांच्या हाताला थोडा कंप होता. म्हणून त्यांनी मोबाईल काठीला बांधला आणि कुडाळ, कणकवली, जिथे मॅच तिथे खुर्चीवर उभे राहून शूटिंग केलं. पुतण्याने तो व्हिडिओ बऱ्याच कोचना पाठवला.

एकाने थेट रुझारला उत्तर दिलं.

मी तेव्हा काकाच्या मोबाईल दुकानात बसायचो. रुझार आला, फोन माझ्यासमोर धरला.

"ह्यो तुझोच मा?"

वाचला. कॅनडातली युनिव्हर्सिटी. आमची टीम अमेरिकेच्या कॉलेज लीगमध्ये खेळते, व्हिडिओ आवडला, एका पूर्ण मॅचचं रेकॉर्डिंग आणि मार्कलिस्ट दोन आठवड्यांत पाठव.

मला वाटलं, हा नारळाचा बदला. मेल यानेच बनवलाय, मला फसवायला. आणि तोपण किती येडा, टीम कॅनडाची आणि लीग अमेरिकेची. म्हणजे मालवणची टीम कर्नाटकाच्या लीगमध्ये खेळल्यासारखं.

त्याचा डाव त्याच्यावरच उलटवायचा म्हणून मी म्हणालो, "होय, माझोच."

दोन शब्द.

त्याने फोन मागे घेतला.

"माका वाटलाच. कॅनडाची टीम अमेरिकेत कित्या खेळात?"

माझ्यासमोर अंगठ्याने डिलीट केला. पुरे कर आता, म्हणाला, आणि गेला. हसला नाही.

तिथेच मला कळायला पाहिजे होतं, मेल याने बनवलेला नाही.

सरांना त्याने मेलचं सांगितलंच नाही. परत हसं झालं हे त्यांना कळायला नको म्हणून.

चार-पाच महिन्यांनी दुकानात बसून व्हिडिओ बघत होतो. एक मॅच आली. एका बाजूला अमेरिकेचं कॉलेज, दुसऱ्या बाजूला कॅनडाची युनिव्हर्सिटी. नाव तेच, मेलमधलं.

समोर गिऱ्हाईक उभं होतं, चार्जर मागत होतं. माझ्या हातातून चार्जर सुटेना.

सांगणार होतो. रविवारी. मग गणपतीनंतर. मग नाताळनंतर.

सर रोज संध्याकाळी विचारायचे, "मेल इलो काय रे?"

रुझार म्हणायचा, नाय सर. मी बुटाची लेस बांधायचो. बांधलेली सोडून परत बांधायचो.

एकदा सर म्हणाले, "माझोच हात हललो असतलो. व्हिडिओ बरो इलो नाय."

आणि परत काठी घेऊन खुर्चीवर चढले. गुडघे दुखत होते तरी. त्यानंतर तीनदा शूटिंग केलं. दरवेळी हात हलला असं स्वतःच म्हणायचे आणि आमची माफी मागायचे.

आमची. माझीपण.

रुझार आता गोव्यात एका हॉटेलच्या दारात उभा असतो. गेस्ट लोक त्याच्याबरोबर सेल्फी काढतात.

आज तो आला होता. सगळ्यांनी माती घातली, लोक पांगले, तेव्हा मी त्याला सांगितलं. मेल खरा होता. मला कळलेलं. इतकी वर्षं बोललो नाही.

तो खाली बघत म्हणाला, "माका ठावक आसा."

त्यानेपण कधीतरी तीच टीम बघितली होती.

मी विचारलं, मगे सरांका कित्या नाय सांगलंस?

"त्येंनी तुका ग्राउंडार पाय ठेवूक दिलो नसतो. माका वाटला, तू आपणाहून सांगशीत. वाट बघलंय."

सर मेलची वाट बघत होते. हा माझी.

मग तो गोव्याची बस पकडायला गेला. मी थांब म्हणालो नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार.

परत येताना ग्राउंडवरून आलो. जाळी अर्धी तुटून लोंबतेय.

सर, ह्या तुमका आधी सांगूक व्हया होता.

मेल इल्लो.

तुमचो हात हललो नव्हतो.